केसांचे दागिने आणि आमची किळस

मनुष्याच्या केसांपासून दागिने घडविणाऱ्या कारागिरांच्या कामाचीं छायाचित्रें हल्लीं आमच्याकडील सुशिक्षित घरांतही सहज पाहावयास मिळतात. तीं पाहणाऱ्यांच्या तोंडून निघणारे उद्गार मात्र बहुधा ठराविक असतात. आधीं "किती नाजूक काम!" आणि तें कशाचें केलें आहे हें कळतांच "शी!" या दोन उद्गारांच्या मधल्या क्षणांत त्या वस्तूंत तिळमात्र फरक पडलेला नसतो. रेषा तीच, रंग तोच, कौशल्य तेंच. फरक पडतो तो पाहणाऱ्याच्या माहितींत. तेव्हां ही किळस डोळ्यांची नव्हे, मताची आहे. आणि मत म्हटलें कीं त्यास पुरावा मागण्याचा अधिकार कोणासही पोंचतो. तो पुरावा आम्ही येथें मागणार आहों. आमचा पक्ष प्रथमच सांगून ठेवतों, म्हणजे वाचकांचा गैरसमज होणार नाहीं: केसांचे दागिने ही खरी कला आहे, आणि तिच्याकडे पाहून नाक मुरडण्याचा हक्क इतर कोणास असला तर असो, आम्हां महाराष्ट्रीयांस तो फारसा नाहीं.

ज्या कामावरून हें लिहावेंसें वाटलें तें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराच्या मेलनी बिलेन्कर यांचें आहे. या बाई १९७८ सालीं जन्मल्या, म्हणजे अगदीं आजच्या पिढीच्या आहेत. त्यांचे दागिने म्हणजे बहुतेक छातीवर लावावयाचे लहान ब्रूच. धातूच्या कडेंत बसविलेला एक फिकट तुकडा आणि त्यावर सूक्ष्म रेषांनीं काढलेलें चित्र. कोठें स्त्री न्हाणीच्या टबांत बसली आहे, कोठें चॉकलेट खात आहे, कोठें घरांतलेंच कांहीं किरकोळ काम करीत आहे. ही स्त्री म्हणजे स्वतः बाईच, आणि चित्रांतील रेषा म्हणजे त्यांच्याच डोक्याचे केस. आधीं स्वतःचें छायाचित्र घ्यावयाचें, त्यावरून रेषा ठरवावयाच्या, मग केस कापून, वांकवून नेमक्या जागीं बसवावयाचा आणि वर पारदर्शक रेझिनचे पातळ थर द्यावयाचे. वाचावयास हें सोपें वाटतें. पण पेन्सिल हाताचें ऐकते. केस हा मूळचाच हट्टी. त्याला स्वतःचा बांक असतो, आणि हनुवटीची रेषा काढतांना तो खांद्याकडे वळूं पाहतो. एवढ्या अडचणींतून निघालेलें चित्र इतकें शांत असावें, याचेंच आम्हांस नवल वाटतें.

ही कल्पना बाईंनीं आभाळांतून काढली असें नाहीं, आणि तसा त्यांचा दावाही नाहीं. युरोपांत, विशेषतः इंग्लंडांत, केसांच्या दागिन्यांची चाल जुनी आहे, आणि एकोणिसाव्या शतकांत तिला भर आला. प्रिन्स आल्बर्ट १८६१ च्या डिसेंबरांत वारल्यावर व्हिक्टोरिया राणीनें त्याचे केस असलेले दागिने अंगावर वागविले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण राणीच्या वैधव्यानेंच ही चाल निघाली असें जें कित्येक समजतात तें बरोबर नाहीं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांतच केसकामाचे नमुने मांडलेले होते. अमेरिकेंत मार्क कॅम्बेल नांवाच्या गृहस्थानें १८६७ सालीं घरच्या घरीं ही कला शिकण्याचें पुस्तकच छापलें. स्वीडनच्या दालार्ना प्रांतांतील वोम्हुस या गांवाला तर या विद्येनें हात दिला. गांवांत दारिद्र्य, म्हणून तेथील बायका पायीं परदेशीं निघत आणि गिऱ्हाइकांच्याच केसांच्या सांखळ्या नि कर्णफुलें विणून देऊन पैसा घरीं आणीत. त्या गांवीं ही कला अद्याप जिवंत आहे.

त्यांची रीत थोडी सांगण्यासारखी आहे. केस प्रथम सोड्याच्या पाण्यांत उकळून निर्मळ करावयाचे, लांबीप्रमाणें लावावयाचे, आणि ठराविक संख्येचे पेड मोजून प्रत्येक पेडाच्या टोंकाला शिशाचें लहान वजन बांधावयाचें. मग मधोमध भोंक असलेल्या गोल मेजाच्या कडेवरून हे सारे पेड खालीं सोडून, मधल्या साच्याभोंवतीं ते एकमेकांवरून नेत विणीत जावयाचें. विणून झालें म्हणजे तें साच्यासकट पुन्हां उकळून वाळवावयाचें. केस घेतलेला आकार धरून ठेवतो, साचा अलगद निघून येतो, आणि हातांत राहते ती जाळीदार, पोकळ, वाऱ्यासारखी हलकी नळी. तिच्या टोंकांस सोनार सोन्याच्या टोप्या बसवी कीं कंकण तयार. आमच्याकडील पटवेकऱ्याला रेशमाच्या दोऱ्यांत दागिना गांठवितांना ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या कामाची जात ओळखावयास अडचण पडूं नये. आणि केसाइतकें टिकाऊ सूत मिळणें कठीण. मांस जातें, कापड जातें, केस राहतो.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला, आणि खरें पाहतां एकच मनापासूनचा आक्षेप असा कीं, डोक्यावरून उतरलेला केस अमंगळ होय. ताटांत केस निघाला कीं आम्ही ताट सारतों. मग तोच केस गळ्यांत कसा घालावा? हा आक्षेप संस्काराचा आहे आणि संस्कार वादानें जात नाहीं हें आम्ही जाणून आहों. परंतु जो संस्कार आपण इतरत्र बिनदिक्कत मोडतों त्याचा आधार येथेंच घ्यावा हा न्याय नव्हे. मोतीं म्हणजे काय? शिंपल्यांतील प्राण्याच्या अंगांत कांहीं खुपलें असतां त्यानें त्याभोंवतीं चढविलेलें पुट. रेशीम म्हणजे किड्याच्या तोंडांतून निघालेला स्राव, आणि तें उलगडावयाचें तर कोश किड्यासकट उकळत्या पाण्यांत घालावा लागतो. तरी सोंवळें म्हणून आम्ही नेसतों तें रेशमाचेंच. लाखेच्या बांगड्यांची लाख कीटकाची, कस्तुरी मृगाच्या ग्रंथीची. जन्मभर मोत्यांची नथ मिरविणारीनें केसाला मात्र शिसारी आल्यासारखें करावें, याचें कारण निदान शास्त्रांत तरी सांपडावयाचें नाहीं.

खुद्द केसाचेंच म्हणाल तर देवावर जी चवरी ढाळतात ती चमरी गाईच्या शेपटीच्या केसांची. ज्या गंगावनानें आमच्या आज्या-पणज्यांनीं आपल्या वेण्या लांब केल्या तेंही मूळचें त्याच शेपटीचें. बाळाचें जावळ काढतांना आम्ही समारंभ करतों. प्रयागास त्रिवेणीसंगमावर सुवासिनी वेणीदान करतात. पति स्वतःच्या हातानें पत्नीची वेणी घालतो आणि तिचें टोंक कापून संगमांत सोडतो. तें टोंक अमंगळ असतें तर गंगेस वाहतों ना! आणि केस पूज्य मानणारे आम्ही एकटेच नाहीं. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यांत बुद्धाचे आठ केस आहेत अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यांतील पैगंबरांचा केस १९६३ च्या डिसेंबरांत नाहींसा झाला तेव्हां काश्मिरांत हजारों लोक थंडीची पर्वा न करतां रस्त्यावर उतरले, आणि पुढच्या जानेवारींत तो सांपडेपर्यंत दिल्लीच्या सरकारास चैन नव्हतें. केस जात्या मंगळ नाहीं आणि अमंगळही नाहीं. तो कोणाचा आहे आणि कोणीं कशासाठीं दिला यावर सारें आहे.

आणि येथेंच आमच्या किळसेचें खरें स्वरूप उघडें पडतें. फणींत निघालेली गुंतवळ सांठवून ठेवावयाची आणि केसांवर भांडीं किंवा फुगे देणारी फेरीवाली दारावर आली म्हणजे तिच्या झोळींत टाकावयाची, हा व्यवहार खेड्यांतून नि शहरांच्या वस्त्यांतून अजून चालतो. त्या गुंतवळीचें पुढें काय होतें याचा विचार कोणी करीत नाहीं. ती सोडवून, धुऊन, लांबीनें लावून व्यापारांत जाते आणि तिचे टोप नि गंगावनें होतात. तिरुमलाच्या व्यंकटेशापुढें भाविक जे केस उतरवितात त्यांचा देवस्थान लिलांव करतें, आणि त्यापासून दरवर्षीं कोट्यवधि रुपये येतात. हा व्यापार वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या ढिगांतला केस कोणाचा, हें विचारण्याचें आमच्यापैकीं कोणास सुचलें आहे? तें सुचलें दूरच्या लोकांस. २००४ सालीं सनातनी यहुदी धर्मगुरूंनीं हिंदु देवळांतून आलेल्या केसांचे टोप निषिद्ध ठरविले, आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत आपले महागडे टोप त्या लोकांनीं भर रस्त्यांत जाळले. त्यांचें कारण आम्हांस पटो वा न पटो, केसाला कांहीं पूर्ववृत्त असतें एवढें त्यांनीं ओळखलें. आणखी एक गोष्ट सांगतों, ती वाचून ताट सारणाऱ्या मंडळींनीं रागावूं नये. पावाचें पीठ मऊ करण्यासाठीं सिस्टीन म्हणून एक द्रव्य वापरतात. तें पक्ष्यांच्या पिसांपासून निघतें तसें मनुष्याच्या केसांपासूनही निघतें, आणि म्हणूनच युरोपांत मानवी केसांच्या सिस्टीनला अन्नांत मनाई करावी लागली.

सारांश, मणांनीं नि टनांनीं बिननांवी केस आम्हांस चालतो. एका बाईनें "हा माझा" असें म्हणून एक केस पुढें केला कीं लगेच शी! किळस केसाची नाहीं, नांवाची आहे.

ज्या नांवाला आम्ही बिचकतों तेंच या कलेचें सारें मोल आहे, हें जुन्या काळच्या गिऱ्हाइकांस चांगलें ठाऊक होतें. आपण दिलेले केस ठेवून घेऊन सोनार दुसऱ्याच कोणाच्या केसांचें कंकण तर आपल्या गळ्यांत बांधीत नाहीं ना, ही शंका त्या काळीं लोकांस सारखी छळी, आणि घरीं शिकण्याचीं पुस्तकें खपलीं यांत या शंकेचाही वांटा होता. शंका निराधार नव्हती. संगीतकार बेथोव्हन १८२७ सालीं वारला तेव्हां फर्डिनांड हिलर या पंधरा वर्षांच्या मुलानें त्याच्या केसांची बट कापून घेतली, अशी ख्याति असलेली एक बट पिढ्यानपिढ्या जपली गेली. तिच्या परीक्षेवरून बेथोव्हनला शिशाची विषबाधा झाली होती असें अनुमानही निघालें. २०२३ सालीं आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली आणि ती बट एका स्त्रीची निघाली! केस तोच, कांच तीच. पण नांव गेलें तेव्हां सारेंच गेलें. याच्या उलट हॉवर्थ येथील ब्राँटी भगिनींच्या संग्रहालयांत शार्लट ब्राँटीचें एक कंकण आहे. त्यांत जांभळा खडा आहे, आणि कंकणाचा पट्टा विणला आहे तो एमिली आणि ॲन या तिच्या दोन बहिणींच्या केसांचा. एमिली १८४८ च्या डिसेंबरांत गेली, ॲन पुढच्या मे महिन्यांत. ज्यांनीं 'जेन एअर' वाचून डोळे पुसले आहेत त्यांनीं या कंकणापुढें उभें राहून "शी" म्हणून दाखवावें.

आमच्याकडे या विषयाची एक काळी बाजू आहे, आणि तिचा उल्लेख टाळून हा वाद पुरा होणार नाहीं. महाराष्ट्रांतील ब्राह्मणादि वरिष्ठ वर्गांत पति वारला कीं पत्नीचें केशवपन होत असे. आगरकरांनीं या चालीविरुद्ध लेखणी झिजविली, आणि १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या शेंकडों न्हाव्यांनीं एकत्र जमून, यापुढें विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाहीं, असा निश्चय केला. पंडितांस जें दिसलें नाहीं तें न्हाव्यांस दिसलें! आतां काळ ताडून पाहा. ज्या दशकांत इंग्लंडांतील विधवा मृत पतीचे केस सोन्याच्या कोंदणांत घालून गळ्याशीं बाळगीत होती, त्याच दशकांत पुण्या-नाशिकची विधवा पतीच्या मरणाबद्दल स्वतःचे केस देत होती. दोहींकडे दुःखाची खूण केसच. पण एकीकडे तो प्रेमानें ठेवून घेतला, दुसरीकडे सक्तीनें काढून घेतला. इंग्रजांची आरती ओवाळण्याचा आमचा हेतु नाहीं. तेथील विधवेच्या काळ्या वस्त्रांचे नियम जाचकच होते, आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत गरीब शेतकऱ्यांच्या मुलींच्या वेण्या जत्रेंत विकत घेतल्या जात होत्या, त्याही धनिकांच्या टोपांसाठीं. परंतु स्वतःच्या केसांवर स्वतःची मालकी असणें ही साधी गोष्ट आमच्या किती आज्या-पणज्यांच्या वांट्यास आली नाहीं, हें आठवलें म्हणजे, एक स्त्री आपल्या घरीं बसून, आपल्या हातानें, आपल्या केसानें आपलेंच चित्र काढते या गोष्टीकडे तुच्छतेनें पाहणें आम्हांस जमत नाहीं. त्या लाल आलवणांतल्या बायकांचे केस कोणत्या उकिरड्यावर किंवा कोणत्या नदींत गेले याची नोंद कोणीं ठेवलेली नाहीं.

दुसरा आक्षेप व्यवहारी गृहस्थांचा. केसांच्या दागिन्याला मोड नाहीं! सोनाराच्या कांट्यावर घातला तर कांटा हलणार नाहीं, सावकाराकडे नेला तर तो हंसेल. आमच्याकडे दागिना म्हणजे स्त्रीधन, अडल्या वेळचा आधार. हें खरें आहे, आणि या आधाराची थट्टा करण्याइतके आम्ही सुखवस्तु नाहीं. ज्या घरीं दुखण्यांत किंवा दुष्काळांत पाटल्या मोडून दिवस काढले गेले त्या घराला सोनें कां हवें हें निराळें सांगावयास नको. पण यावरून दागिन्याची कला तोळ्यांत मोजावी असें निघत नाहीं. उलट मोडीचा हिशेब नीट पाहिला तर घडणावळ ही निव्वळ नुकसानी होय, कारण मोडतांना ती कोणी देत नाहीं. म्हणजे सोनाराच्या दुकानांत जेवढ्या भागास कला म्हणतां येईल तेवढाच नेमका शून्य किंमतीचा! केसांच्या दागिन्यांत सगळी घडणावळच आहे. आणि ज्याला मोड नाहीं त्याचें मोल नाहीं, असें ज्यांचें ठाम मत असेल त्या गृहस्थांनीं मंगळसूत्रांतील काळ्या मण्यांचे मोडींत किती येतील, हें एकदां आपल्या कुटुंबास विचारून पाहावें.

तिसरा आक्षेप रसिक म्हणविणाऱ्यांचा. ते म्हणतात, ब्राँटीच्या कंकणांत निदान मरणाचें गांभीर्य तरी आहे. या बाई जिवंतपणींच स्वतःची आठवण काढीत बसल्या आहेत, आणि तीही कशाची, तर आंघोळीची नि चॉकलेटाची! ही आत्मप्रीति नव्हे काय? आम्हांस वाटतें, नव्हे. मरणाच्या प्रसंगीं केस कापून घेणारे आप्त एका दिवसाला जपतात, आणि तो दिवस जगांतल्या सर्व दिवसांत वाईट असतो. आयुष्य गेलेलें असतें तें दुसऱ्याच दिवसांत: ज्या दिवशीं कांहीं झालें नाहीं अशा. ते कोणी जपत नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आमच्या घरोघरीं वाचलीं जातात तीं कांहीं त्यांतील मोठ्या घडामोडींकरितां नव्हे. माहेरच्या सोंवळ्या-ओंवळ्याचे, रुसव्याफुगव्यांचे, स्वयंपाकघरांतल्या फजितीचे प्रसंग आम्ही पुनःपुन्हां काढून वाचतों. तेथें जें वाङ्मय ठरतें तें ब्रूचमध्यें आलें कीं क्षुल्लक कसें ठरतें? शिवाय आत्मप्रीतीला आरसा लागतो, आणि तो मोठा लागतो. हीं चित्रें इतकीं लहान कीं दुसऱ्यानें तीं पाहावयाचीं तर अगदीं छातीजवळ यावें लागतें.

जातां जातां उलट टोंकाच्या मंडळींशींही आमचा थोडा झगडा आहे. केस पाहून शहारणें हीच या कलेची गंमत, असें मानणारे चाहते पश्चिमेकडे पुष्कळ आहेत. इंग्लंडच्या केरी हाउली यांनीं २०११ च्या सुमारास केसांचे मोठे सुंदर कंठे केले, आणि आकर्षण व तिरस्कार हा त्यांचा उघड विषयच होता. काम उत्तम आहे यांत शंका नाहीं. परंतु पाहणारा शहारावा म्हणून केलेली वस्तु एकदां शहारून झालें कीं अर्धी संपते, असा आमचा अनुभव आहे. बिलेन्करबाईंचें वैशिष्ट्य असें कीं, केस हें त्यांना नवल नाहीं. शाई संपली म्हणून कोणी कोळसा घ्यावा इतक्या सहजतेनें त्यांनीं तो घेतला आहे, आणि पाहणाराही थोड्या वेळानें केस विसरून त्या खोलींतल्या शांततेकडे पाहूं लागतो. आमच्या मतें हें अधिक कठीण आहे, आणि कंठ्यांपेक्षां हे ब्रूच आम्ही वरचे मानतों तें एवढ्याचकरितां.

या साहित्याची एक अडचण मात्र राहते, आणि तिचें उत्तर आज कोणापाशींच नाहीं. शाई पन्नास वर्षांनीं तीच मिळते. डोक्याचा केस तोच राहत नाहीं. आज या चित्रांची रेषा काळसर आहे म्हणून ती फिकट पृष्ठावर उठून दिसते. पुढें केस पिकूं लागतील, तसतशी रेषा पुसट होत जाईल, आणि पांढऱ्यावर पांढरें काढण्याची वेळ येईल. त्या वेळीं बाई पृष्ठाचा रंग बदलतील, कीं जपून ठेवलेले जुने केस काढतील, कीं तशीच पुसट रेषा काढून पाहणाऱ्यास आणखी जवळ यावयास लावतील, याची आम्हांस फार उत्सुकता आहे.